अभिमनच्या पाटावर

शालिग्रामभाऊला गावातून दोनच कामांसाठी बोलावणं येई. एक, जळालेली मोटार पाहायला. आणि दुसरं, पितर म्हणून जेवायला.

पहिल्याचं कारण साधं. शिंदखेड्याला बसस्टँडच्या मागे त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान चाळीस वर्षं चाललं. विहिरीवरची मोटार बंद पडली की शेतकरी ती घेऊन दारात हजर, आणि "भाऊ, कपाशी सुकी ऱ्हायनी" म्हणून डोकं खाणार. शालिग्राम मान वर न करता म्हणायचा, "कपाशी तुनी सुकी ऱ्हायनी, मना डोकावर कसाले बसस?" तोंडाने असा फटकळ, पण तांब्याच्या तारेचा एक वेढा चुकला असं वाटलं तरी सगळं उलगडून पुन्हा बांधायचा. सत्तरीला आल्यावर त्याने दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि बायकोला घेऊन तापीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिला.

दुसऱ्या कामाचं जरा सांगावं लागेल. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज नि सांजोऱ्या ठेवतात, निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकतात आणि एका जिवंत माणसाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. कुठे भाचा बसतो, कुठे जावई, कुठे भाऊबंदातला कुणी. पाटावर आहे तोवर तो स्वतः नसतोच. त्याच्या तोंडाने गेलेला माणूस जेवत असतो. तो अर्धपोटी उठला तर गेलेलं माणूस वर्षभर उपाशी राहिलं असं समजतात, म्हणून पितराला आग्रहही जिवावर येईल इतका होतो.

वीसेक वर्षांपूर्वी शालिग्राम चुलतभावाच्या नावाने असाच बसला होता आणि पहिला घास घेण्याआधीच त्याला खुदकन हसू आलं. पितरच हसतोय म्हटल्यावर बायकांची पाचावर धारण बसली. मग त्याने सांगितलं, की हा चुलतभाऊ आठ वर्षांचा असताना शेळीला शाळेत घेऊन आला होता, तिला बाकाखाली लपवलं होतं, आणि गुरुजींनी याचं नाव पुकारल्यावर शेळीनेच ओ दिली होती. घर आधी हसलं, मग रडलं, मग तीन महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून पोटभर खाल्लं. तेव्हापासून गावात ठरूनच गेलं: पितर शालिग्रामभाऊच पाहिजे, आणि घासाआधी लहानपणची गोष्ट पाहिजे.

तो ज्याच्याबरोबर खेळला असेल त्याच्याच पाटावर बसे. गोष्ट आनंदाचीच सांगे आणि खरीच सांगे, त्यात पदरचं काही घालत नसे. मोठेपणीचा माणूस घरच्यांना ठाऊक असतो, पण लहानपणीचा माणूस त्याच्या सोबत्यांपाशीच राहतो आणि सोबती मेले की तोही मरतो, असं त्याचं म्हणणं होतं. हे म्हणताना तो फार मोठा आव आणायचा, असं त्याची बायको बेबाबाई सांगे.

गेल्या पौषात अभिमन गेला. अभिमन आणि शालिग्राम एका वयाचे, एका गल्लीत वाढलेले, आणि अठ्ठावन्न वर्षं एकमेकांशी न बोललेले. गावात दोन माणसं बोलत नसली की शेताच्या बांधावरून बिनसलेलं असणार हे आपल्याकडे ठरलेलंच. या दोघांबद्दलही लोक तेच सांगत. शालिग्रामला एक गुंठाही शेत नव्हतं, पण तेवढ्या चौकशीत कोण पडतो?

अखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा अभिमनची बायको तानुबाई दारात उभी राहिली. बरोबर तिचा मुलगा स्वप्नील. तो जळगावला पाइपांच्या कंपनीत सुपरवायझर, बापाची पहिली घागर भरायला रजा काढून आलेला.

"भाऊ, अखाजीले तुम्हीच या," तानुबाई म्हणाली. "त्यासना पाटवर तुम्हीच बसा."

शालिग्राम टेबलफॅन खोलून बसला होता. त्याच्या हातातला स्क्रू घरंगळून खाटेखाली गेला.

"आमनं बोलनं नव्हतं, वहिनी. गावले माहीत शे."

"काका, ते राहू द्या," स्वप्नील म्हणाला. "पप्पांनी आम्हाला लहानपणाचं एक अक्षर कधी सांगितलं नाही. विचारलं की उठून जायचे. आजी आहे, पण तीही तोंड उघडत नाही. आता तुम्ही एकटेच राहिलात. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवणार आहे, माझ्या मुलीसाठी."

"तुनी आजीले, भिकामायले, इचारं का?"

"इचारं," तानुबाई म्हणाली. "हा बी नही म्हनन्या, ना बी नही."

शालिग्राम काही बोलायच्या आत आतून बेबाबाईने सांगून टाकलं, "येतीन, येतीन. पितरले कोनी नही म्हनस का?"

झालं. तो तिच्यावर दिवसभर धुसफुसला. ती म्हणाली, मेल्या माणसाशी कसला अबोला धरता? तिचंही बरोबर होतं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं.

खरं असं होतं. अभिमनला एक धाकटा भाऊ होता, नवल. सात वर्षांचा, काटकुळा, दोघा मोठ्यांच्या मागे सावलीसारखा फिरणारा. भादव्यात तापी भरून चालली असताना नवल पाण्यात गेला तो गेलाच. काठावर माणसं जमली, नवलच्या बापाने दोन्ही पोरांना दंडाला धरून विचारलं, त्याला पाण्यात कुणी पाठवलं? अकरा वर्षांचा शालिग्राम म्हणाला, "अभिमननी धाडं." पाठवलं होतं शालिग्रामनेच.

अभिमनने रडून-ओरडून सांगितलं, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. बापाने त्याला बैलाच्या कासऱ्याने मारलं. आणि आई, म्हणजे ही भिकुबाई, तिने त्याच्यावर कधी हात उगारला नाही, पण जवळही घेतलं नाही. घरात नवलचं नाव काढायचं नाही असं तिने सांगितलं आणि ते आजतागायत पाळलं गेलं. तानुबाईने लग्नानंतर हापशावर कुणाकडून ते नाव ऐकलं आणि नवऱ्याला विचारलं, तर तो दोन दिवस जेवला नव्हता. तिने पुन्हा विचारलं नाही.

शालिग्रामने हे कबूल करायचं शंभरदा मनावर घेतलं होतं. आधी आपल्या बापाच्या भीतीने राहिलं, मग लाजेने राहिलं, मग इतकी वर्षं गेली की आता सांगून काय उपयोग, असं वाटायला लागलं. माणूस स्वतःला बरोबर सूट देत राहतो. एकदा, चाळिशीत असताना, तो शिंदखेड्याच्या बाजारात अभिमनच्या समोर जाऊन उभाही राहिला होता. अभिमनने त्याच्याकडे पाहिलं, वांगी पिशवीत भरली आणि निघून गेला. त्याला सांगण्यात अर्थही नव्हता, त्याला खरं माहीतच होतं. सांगायचं होतं त्याच्या आईला. ती आता नव्वदीला टेकली होती आणि आपल्या एका मुलाने दुसऱ्याला मारलं असंच समजून जाणार होती.

शालिग्रामची अडचण अशी, की अभिमनच्या लहानपणची आनंदाची कुठलीही गोष्ट काढली की तिच्यात नवल होताच. विहिरीवर नवल, चिंचेवर नवल, जत्रेत नवल. दोन दिवस डोकं खाजवून त्याने एकच गोष्ट शोधली. यात्रेत अभिमनने आपल्याहून मोठ्या पोराला चीत करून नारळ जिंकला होता, आणि तेव्हा नवल गालगुंड होऊन घरी पडला होता. गोष्ट खरी होती आणि आनंदाची होती. ती सांगायची, जेवायचं आणि उठायचं, असं त्याने ठरवलं.

अखाजीच्या दिवशी ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववेना. शालिग्राम धोतर-टोपी घालून गेला. ओसरीवर शेणाने सारवलेल्या जागी पाट मांडला होता, समोर नवी घागर, बाजूला आगारीचा धूर. तानुबाईने त्याचे पाय धुतले आणि कपाळाला गंध लावलं. ताटात खापरावरची पुरणपोळी, वाटीत आमरस, तिखट रसी, भजी, कुरडई. एका माणसाला जेवायला दोन माणसांचं. स्वप्नीलने समोर बसून मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला.

आणि खांबाला टेकून भिकुबाई बसली होती. डोळ्यांनी तिला अंधुकच दिसे. कान मात्र शाबूत. शालिग्राम पाटावर बसला तशी तिने मान त्याच्या बाजूला वळवली आणि तशीच ठेवली.

त्याने घसा साफ केला आणि कुस्तीची गोष्ट सुरू केली. कसा तो पोरगा अभिमनच्या दीडपट, कसा अभिमनने त्याचा पाय धरला. स्वप्नीलच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, तानुबाईने पदर तोंडाला लावला.

"हाई नको," भिकुबाई म्हणाली.

शालिग्राम थांबला.

"हाई बठ्ठा गावले माहीत शे. घरमानं सांग."

ताटातली पोळी गार होत चालली होती. उठून जावं म्हटलं तर न जेवता उठलेला पितर म्हणजे अभिमनला उपाशी ठेवणं. त्याचं आणखी एकदा वाईट करणं. खोटी गोष्ट रचावी, तर या घरात त्याचं एक खोटं आधीच अठ्ठावन्न वर्षं नांदत होतं.

"सांगस, माय," तो म्हणाला.

"अशीच अखाजी होती," त्याने सुरुवात केली. "याच ओसरीवर अभिमनच्या आजोबांच्या नावाने पितर जेवून गेला होता. मग आम्ही मागच्या दारी पितर-पितर खेळलो. अभिमन पितर झाला. आजोबांचं जुनं पागोटं घातलं, ते त्याच्या नाकापर्यंत येई. चुलीतल्या काजळीच्या मिशा काढल्या. मी आगारी टाकणारा. आणि वाढायला..."

इथे त्याने भिकुबाईकडे पाहिलं.

"वाढायला नवल."

तानुबाईचा वारा घालणारा हात जागच्या जागी थांबला. भिकुबाई हलली नाही.

"नवल कोण?" स्वप्नीलने विचारलं. शालिग्रामने आता थांबायचं नाही असं ठरवलं.

"नवलने नदीच्या मातीच्या पोळ्या केल्या होत्या. पळसाच्या पानावर सहा पोळ्या वाढल्या. अभिमन आजोबांच्या आवाजात म्हणाला, 'मीठ कमी शे. आनि पोळी करपेल शे.' आम्ही हसून हसून लोळलो. पण नवलला ते खरंच वाटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणे, 'आबा, तू खास नही, म्हंजे तुले राग ऊना का? तू रागमा परत चालना जाशी का?' रडायच्या बेताला आला होता पोर. मग अभिमनने काय करावं? माय, त्याने एक पोळी उचलली आणि खाल्ली. खोटी खोटी नाही. दाताने तोडून, चावून, गिळली. नवल विचारी, 'चांगली शे का?' तो म्हणे, 'लई गोड शे.' दुसरीही खाल्ली. नवल टाळ्या पिटत अंगणभर नाचला. आबा जेवले, आबा जेवले!"

मग खांबापासून बारीक आवाज आला.

"काळी माती व्हती."

"हा, माय. काळीच."

"त्याना दातमा भरेल व्हती. मी इचारं, काय खादं रे? तो सांगे नही. नवलनं नाव लिधं नही त्यानी. मी चुल्हामानं लाकूड लिधं नि दिन्हं त्याना पाठवर." भिकुबाई हसते आहे की रडते आहे ते कळेना, बहुधा दोन्ही. "दोन दिवस पोट धरी बसना व्हता. माले आते समजनं."

स्वप्नीलचे डोळे भरून आले होते. शालिग्रामला वाटलं, झालं, सुटलो. नाव निघालं आणि आभाळ कोसळलं नाही. त्याने घासाकडे हात नेला.

"मंग," भिकुबाई म्हणाली, "एवढा जीव लावे त्याले, मंग त्यानी त्याले पानीमा कसाले धाडं?"

घास ताटातच राहिला. ही बाई हा प्रश्न अठ्ठावन्न वर्षं उराशी घेऊन बसली होती, आणि तो विचारायला तिच्याकडे माणूस नव्हता. ज्याला विचारायचं त्याचं ती ऐकत नव्हती, आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो गल्ली बदलून जात होता.

"अभिमननी नही धाडं, माय," शालिग्राम म्हणाला. "मी धाडं."

तानुबाई "अगं बाई" म्हणून मागे सरली.

"मनी नवी रबरी चप्पल व्हती. ती पानीमा वाही चालनी. बाप मारी म्हनीसन मी नवलले सांगं, तू हलका शे, दगडवर जाय, हातनी ओढी ले. अभिमन मांगे निंबवर काठी तोडी ऱ्हायंता. त्यानी देखंच नही. तो पयत ऊना तवलोंग नवल गया व्हता. अभिमननी पानीमा उडी टाकी, लोकेसनी त्याले ओढी काढं. मी काठवरच उभा व्हतू. मंग नवलना बाबानी इचारं, आनि मी घाबरी गऊ. मी त्यानं नाव सांगं." तो ढसाढसा रडायला लागला, सत्तर वर्षांचा माणूस, कपाळावर पितराचं गंध लावलेला. "मी या पाटवर बसाना लायक नही शे," म्हणून तो उठायला लागला.

"बस," भिकुबाई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण तो बसला.

"पाटवरून ऊठू नको. तू आते शालिग्राम नही शे."

ती खांब सोडून हातांवर सरकत पुढे आली. स्वप्नील आधार द्यायला उठला, तिने हाताने त्याला थांबवलं. ताटापाशी येऊन तिने चाचपडत पोळीचा तुकडा तोडला, रसात बुडवला आणि शालिग्रामच्या तोंडासमोर धरला. दुसरा हात तिने त्याच्या गालावर ठेवला. तो हात त्याच्यासाठी नव्हता हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो त्याला सहन होत नव्हता.

"अभिमन," ती म्हणाली. "आ कर, भाऊ."

शालिग्रामने तोंड उघडलं.

"तू सांगे, मी नही धाडं, माय, मी नही धाडं. मी ऐकं नही. तुना लगनमा बी तुले जवळ लिधं नही. तू मरी गया, तरी मी तुना तोंडवरून हात फिरावा नही. मनी चूक व्हयनी, मना राजा. खाय. पोट भरीसन खाय."

तिने पोळी भरवली, मग भजी, मग कुरडईचे तुकडे करून. प्रत्येक घासाला ती मुलाचं नाव घेत होती आणि माफी मागत होती, आणि शालिग्रामला ती ऐकून घ्यावी लागत होती, अभिमनच्या जागी बसून, ज्याचं हे सगळं त्याने चोरलं होतं. नको म्हणायची सोय नव्हती, पितर नको म्हणत नाही. तो गिळत राहिला. स्वप्नीलने मोबाइल केव्हाच उचलून बंद केला होता. तानुबाई भिंतीकडे तोंड करून रडत होती. पस्तीस वर्षं जो माणूस तिच्या शेजारी गप्प बसून जेवला, तो का गप्प होता ते तिला तो गेल्यावर कळत होतं.

ताट रिकामं झालं. भिकुबाईने बोटांनी वाटी चाचपून पाहिली, रस उरला नव्हता.

"जेवना का?" तिने विचारलं.

"जेवनू, माय," शालिग्राम म्हणाला. अभिमनतर्फे एवढंच त्याला बोलता आलं.

तानुबाईने त्याच्या हातावर पाणी घातलं. विडा दिला. तो पाटावरून उतरला. भिकुबाईच्या पायावर डोकं ठेवायला तो वाकला, तर तिने पाय मागे ओढून घेतले.

"तुले मी माफ करेल नही शे, शालिग्राम," ती म्हणाली.

तो मान खाली घालून पायरीपर्यंत गेला. बाहेर ऊन रणरणत होतं.

"आनि ऐक," ती मागून म्हणाली. "सकाय ये. सकाय, परो, रोज ये. नवलनं सांगनारं आते तुनाशिवाय कोनी उरेल नही शे."